खाणीनंतरची जमीन: नुकसान मोजण्यापासून पुनरुद्धारापर्यंत

गोव्यात एक टन लोहखनिज काढताना साधारणपणे अडीच ते तीन टन टाकाऊ माती आणि दगड बाहेर पडतो. २०१०-११ या वर्षात राज्यातील बंदरांतून पाच कोटी टनांहून अधिक खनिज परदेशी गेले, यावरून डिचोली, सत्तरी, सांगे आणि केपे या तालुक्यांत मातीचे डंप (टाकाऊ मातीचे ढिगारे) किती वाढले असतील याचा अंदाज बांधता येतो. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने आणि पाठोपाठ ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि डिसेंबर २०२२ पासून लिलावाचे नवे पर्व सुरू झाले. या सगळ्या काळात यंत्रे थांबली, पुन्हा हलली. डंप आणि पाण्याने भरलेले खंदक मात्र जिथल्या तिथे राहिले.

हा लेख ग्रामसभेचे सदस्य, पंच, शेतकरी, कोमुनिदादीचे (गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या पारंपरिक संस्थेचे) पदाधिकारी आणि पर्यावरणाचे विद्यार्थी यांना खाणीमुळे झालेले नुकसान स्वतः मोजता यावे आणि पुनरुद्धाराचे काम पायरीपायरीने करता किंवा निदान तपासता यावे, यासाठी आहे. उदाहरणे मुख्यतः गोव्यातील लोहखाणींची आहेत. विदर्भातील मँगनीज आणि कोळसा खाणींचा अनुभव लागेल तिथे घेतला आहे. एक सूत्र सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण पुढील सर्व पायऱ्या त्यावर उभ्या आहेत: पुनरुद्धार झाला की नाही हे झाडांच्या हिरवाईवरून ठरवू नये, तिथून बाहेर पडणाऱ्या पाण्यावरून ठरवावे. डंपवर ऑस्ट्रेलियन बाभळीचे दाट रान उभे करणे तीन-चार वर्षांचे काम आहे, आणि त्याच डंपच्या पायथ्याचा ओहोळ त्यानंतरही दर जूनमध्ये लाल वाहत राहू शकतो.

पहिली पायरी: आधी नोंद, मग तक्रार

नुकसानाचा दावा बहुतेक वेळा अडतो तो मूळ स्थितीची नोंद नसल्यामुळे. ‘पूर्वी विहिरीला बारमाही पाणी होते’ हे वाक्य खरे असले तरी सुनावणीत ते टिकत नाही. त्यासाठी तारखेसह आकडे लागतात, आणि ते गोळा करायला तज्ज्ञ लागत नाही.

गावातील आठ-दहा विहिरी निवडाव्यात. त्यांपैकी काही खाणीच्या बाजूच्या आणि किमान दोन खाणीपासून दूरच्या असाव्यात, म्हणजे पाऊस कमी झाल्यामुळे पातळी उतरली की खाणीमुळे, हे वेगळे काढता येते. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर एका ठिकाणी रंगाने खूण करावी आणि दर वेळी त्याच खुणेपासून, वजन बांधलेल्या मोजपट्टीने, पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे. कठड्याची जमिनीपासूनची उंची एकदाच मोजून वहीत लिहून ठेवावी. केंद्रीय भूजल मंडळ जानेवारी, पावसाळ्यापूर्वी, ऑगस्ट आणि नोव्हेंबर अशा चार वेळी विहिरींची पातळी घेते. गावानेही तेच वेळापत्रक पाळले तर सरकारी आकड्यांशी तुलना सोपी जाते. मोजणीच्या आधी विहिरीवरचा पंप काही तास बंद असावा. ही साधी अट विसरली गेली तर सगळी वही निरुपयोगी ठरते.

गोव्याच्या खाणपट्ट्यात ही नोंद विशेष महत्त्वाची आहे. तिथे वर जांभ्या दगडाचा पाणी धरणारा थर असतो, त्याखाली चिकणमातीचा आडथर, आणि त्याखालचे भुसभुशीत लोहखनिज स्वतःच पाण्याने भरलेले असते. खंदक खोल जाऊ लागला की हे दोन्ही जलथर फुटतात आणि खनिज कोरडे ठेवण्यासाठी रात्रंदिवस पंप चालवावे लागतात. काही खंदक समुद्रसपाटीच्याही खाली गेलेले आहेत. अशा वेळी आसपासच्या विहिरी आणि डोंगरउतारावरील झरी आटतात, आणि झरीवर जगणारी कुळागरे (सुपारी-नारळाच्या मिश्र बागा) त्यांच्यामागून सुकू लागतात.

गाळासाठीही घरगुती पद्धत पुरते. पारदर्शक बाटलीत ओहोळाचे पाणी भरून तारीख, वेळ आणि जागा लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी आणि बाटली एक रात्र हलवू नये. सकाळी तळाशी बसलेल्या थराची जाडी पट्टीने मोजून छायाचित्र घ्यावे. वरचे पाणी रात्रभरानंतरही लालसर राहिले असेल तर तेही लिहावे, कारण लोहखनिजाची अतिसूक्ष्म माती दिवसेंदिवस तरंगत राहते आणि गाळ बसवण्याच्या तळ्यांतून नेमकी तीच निसटते. पाण्याचा नमुना खाणीच्या वरच्या अंगाचा आणि खालच्या अंगाचा, असा एकाच दिवशी जोडीने घ्यावा. प्रयोगशाळेत तपासायचे झाल्यास सामू (पीएच), गढूळपणा, लोह आणि मँगनीज हे चार घटक मागावेत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार सामू ६.५ ते ८.५ यांच्या दरम्यान आणि मँगनीज लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपर्यंत असावे लागते. धुळीसाठी मात्र यंत्राशिवाय गत्यंतर नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मोजणीची लेखी मागणी करावी. १० मायक्रॉनपर्यंतच्या धूलिकणांची चोवीस तासांची राष्ट्रीय मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे.

दुसरी पायरी: कागद मिळवणे

प्रत्येक खाणीने काय करायचे हे आधीच लिहून दिलेले असते. ते वाचले जात नाही, एवढीच अडचण आहे. पर्यावरण परवानगीचे पत्र, खाण आराखडा आणि त्यासोबतचा टप्प्याटप्प्याने खाण बंद करण्याचा आराखडा ही तीन कागदपत्रे प्रथम मिळवावीत. पर्यावरण परवानगी केंद्राच्या परिवेश संकेतस्थळावर सापडते. २००६ च्या पर्यावरणीय आघात अधिसूचनेनुसार खाणचालकाने दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पूर्ततेचा अहवाल द्यायचा असतो, आणि तो जनतेसाठी खुला असतो. आराखड्यांसाठी भारतीय खाण ब्यूरोकडे माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. ब्यूरोचे मुख्यालय नागपुरात आहे.

या कागदांत तीन गोष्टी शोधाव्यात: काढलेल्या वरच्या मातीचे घनमीटर, डंपची मंजूर जागा व उंची, आणि खंदकाचा अंतिम वापर. हे आकडे जागेवर जाऊन ताडून पाहिले की पुढील बहुतेक प्रश्न आपोआप सुचतात.

तिसरी पायरी: वरची माती

हे काम खाण सुरू होण्याच्या दिवशीच करायचे असते, आणि सर्वाधिक हयगय याच कामात होते. जमिनीच्या वरच्या वीतभर ते हातभर थरात बियाणे, बुरशी, जिवाणू आणि गांडुळे असतात. तो थर खालच्या मुरमासोबत डंपमध्ये गेला तर पुढे कितीही पैसा ओतून परत मिळत नाही. एका हेक्टरवरून ३० सेंटिमीटर माती काढली तर ती ३,००० घनमीटर भरते, म्हणजे तिला जागाही आधीच आखून ठेवावी लागते.

माती कोरडी असताना काढावी. ढीग दोन-तीन मीटरांपेक्षा उंच करू नये, कारण उंच ढिगाच्या पोटात हवा पोहोचत नाही आणि आतील जीवसृष्टी मरते. ढिगावर ताग किंवा स्टायलो यांसारखे द्विदल पीक पेरावे, पायथ्याशी चर खणावा, आणि शक्यतो वर्षभरात ती माती तयार झालेल्या उतारावर पसरावी. जुन्या खाणींत ही संधी गेलेलीच असते. तिथे सहावी पायरी अधिक खर्चाची होते.

चौथी पायरी: डंपला आकार देणे

ट्रकने कड्यावरून ओतलेली सुटी माती आपोआप ३५ अंशांच्या आसपासचा उतार धरते. उन्हाळ्यात तो उतार स्थिर दिसतो, पण वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस, आणि तोही बहुतांश चार महिन्यांत, पडणाऱ्या प्रदेशात त्याचा भरवसा धरता येत नाही. म्हणून डंप पायऱ्यापायऱ्यांचा करावा लागतो. कोळसा खाणींच्या पर्यावरण परवानग्यांत डंपचा एकूण उतार २८ अंशांपेक्षा अधिक नसावा अशी अट सर्रास असते, आणि लोहखाणींसाठीही तो आकडा वापरायला हरकत नाही. २८ अंश म्हणजे प्रत्येक मीटर उंचीमागे सुमारे १.९ मीटर आडवे अंतर. साध्या स्मार्टफोनमधील पातळी दाखवणाऱ्या ॲपने, फोन एका सरळ फळीवर ठेवून, हा उतार कोणालाही मोजता येतो.

प्रत्येक पायरी बाहेरच्या कडेकडून आतल्या बाजूला किंचित कललेली असावी, म्हणजे पाणी उतारावरून खाली न पडता पायरीच्या आतील चरात जाते. तिथून ते दगडांनी बांधलेल्या पन्हळीतून खाली उतरवावे. पायथ्याला दगडी भिंत लागते आणि तिला पाणी झिरपण्यासाठी भोके ठेवावी लागतात. भोके नसलेली भिंत मी सर्वाधिक धोकादायक समजतो, कारण तिच्या मागे साचलेले पाणी दिसत नाही आणि भिंत कोसळते ती मुसळधार पावसाच्या रात्रीच. डंप नदीकाठी तर नसावाच. चंद्रपूर परिसरात इरई आणि वर्धा नद्यांच्या काठावरील कोळसा खाणींचे ढिगारे पुराच्या चर्चेत दर पावसाळ्यात येतात, त्याचे कारण नदीला पसरायला हवी असलेली जागा ढिगाऱ्यांनी घेतली, हे आहे.

कोळशाच्या डंपमध्ये आणखी एक दक्षता हवी. कोळशाचा अंश असलेला शेल दगड उघडा राहिला तर हवेने तापून आपोआप पेटतो. तो डंपच्या पोटात ठेवून वरून मातीने दाबून टाकावा.

पाचवी पायरी: पाणी अडवणे आणि गाळणे

डंपभोवती आणि खाणीभोवती माळेसारखा चर असतो, आणि त्यातील पाणी गाळ बसवण्याच्या तळ्यांत येते. कागदावर ही तळी सर्वत्र आहेत. ती पुरेशी आहेत का, हे मात्र अंकगणिताने तपासावे लागते. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि जुलैत असे दिवस येतातच, तर एका हेक्टरवर १,००० घनमीटर, म्हणजे दहा लाख लिटर पाणी पडते. उघड्या डंपवरून त्यातील निम्मेच वाहून आले असे धरले तरी दहा हेक्टरच्या डंपवरून त्या एका दिवसात ५,००० घनमीटर पाणी येईल. ५० मीटर लांब, २० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल तळे ३,००० घनमीटरचे असते. तेही आधीच अर्धे गाळाने भरलेले असेल तर पाणी आले तसेच पुढे जाते, आणि तळे केवळ तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याला दाखवण्यापुरते उरते.

म्हणून तळे एकच मोठे न करता एकामागून एक तीन-चार करावीत. पहिल्यात जाड रेती बसते, पुढच्यांत बारीक माती. प्रत्येक तळ्याच्या आत येण्याच्या आणि बाहेर पडण्याच्या जागा समोरासमोरच्या टोकांना असाव्यात, मध्ये आडभिंती घालून पाण्याची वाट लांबवावी, आणि शेवटच्या तळ्याबाहेर काथ्याच्या गुंडाळ्यांचे छोटे अडसर ठेवावेत. गाळ उपसण्याचे काम मे महिन्याच्या मध्यापूर्वी संपले पाहिजे, आणि उपसलेला गाळ तळ्याच्या काठावरच टाकून ठेवू नये. हे सांगावे लागते, कारण नेमके तसेच केले जाते.

गंधक असलेल्या खनिजांत प्रश्न अधिक बिकट होतो. पायराइट हवा-पाण्याच्या संपर्कात आला की गंधकाम्ल तयार होते, आणि ते दगडातील धातू विरघळवून सोबत नेते. मेघालयातील जैंतिया टेकड्यांत कोळसा खाणींच्या अशा आम्लपाण्याने कित्येक ओढे जीवशून्य झाले. तिथे चुनखडीच्या दगडांनी भरलेल्या चरांतून पाणी नेऊन सामू वाढवतात. गोव्याचे लोहखनिज ऑक्साइड प्रकारचे असल्याने तिथे आम्लापेक्षा गाळ हाच मुख्य शत्रू आहे.

सहावी पायरी: मृत मातीत जीव आणणे, मग लागवड

डंपच्या मातीत सेंद्रिय कर्ब जवळजवळ नसतो, पाणी टिकत नाही आणि मुळांना साथ देणारे जिवाणू नसतात. अशा ठिकाणी थेट रोप लावणे म्हणजे रोप वाया घालवणे. नागपूर जिल्ह्यातील गुमगाव येथील मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर नीरी या नागपूरच्या पर्यावरण संशोधन संस्थेने केलेला प्रयोग या बाबतीत मार्गदर्शक आहे. तिथे साखर कारखान्यांत टाकाऊ म्हणून निघणारा प्रेसमड मातीत मिसळला गेला, आणि रोपांच्या मुळांना मायकोरायझा बुरशी, रायझोबियम व अ‍ॅझोटोबॅक्टर यांची जोड दिली गेली; परिणामी ओसाड ढिगाऱ्यावर वृक्ष वाढले. गोव्यात प्रेसमड सहज मिळत नाही, पण कुजलेले शेणखत, काजूबोंडाचा चोथा आणि नारळाच्या काथ्याचा भुसा कंपोस्ट करून वापरता येतो.

क्रम असा ठेवावा. पहिल्या पावसानंतर, जमीन भिजल्यावर, उतारावर काथ्याची जाळी अंथरून खुंट्यांनी घट्ट बसवावी आणि तिच्यात गवत व स्टायलोचे बी टाकावे. मोठ्या सरीपूर्वी टाकलेले बी सरळ ओहोळात जाते. समपातळीच्या रेषांवर वाळ्याचे फुटवे १० ते १५ सेंटिमीटर अंतराने लावावेत. वाळ्याची मुळे सरळ खाली तीन मीटरपर्यंत जातात आणि उतार शिवून धरतात. पहिले वर्ष गवत आणि द्विदलांचे असू द्यावे. दुसऱ्या पावसाळ्यात ४५ सेंटिमीटर लांबी-रुंदी-खोलीचे खड्डे कंपोस्टने भरून झाडे लावावीत: सपाट पायऱ्यांवर काजू, आवळा, जांभूळ, उतारावर करंज, शिवण, खैर, पायथ्याच्या ओलाव्यात बांबू.

ऑस्ट्रेलियन बाभळीविषयी माझे मत स्पष्ट आहे. ती लवकर वाढते आणि माती धरते, म्हणून अगदी नापीक डंपवर पहिल्या फळीत तिला थोडी जागा द्यावी. पण संपूर्ण डंप तिच्या हवाली करू नये. तिच्याखाली गळलेल्या पानांचा जाड थर साचतो, इतर झाडोरा फारसा उगवत नाही आणि गुरे तिला तोंड लावत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० रोजी खाणपट्ट्याच्या अटींतच असे घालण्यास सांगितले की खाणकाम संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत वाढवून ती चारा, वनस्पती आणि प्राणी यांच्यासाठी योग्य करावी. हा आदेश ग्रामसभेच्या ठरावात अवश्य उद्धृत करावा. अहवालात ‘हेक्टरी २,५०० रोपे’ असे लिहिलेले असेल तर तिसऱ्या वर्षी त्यांतील किती जिवंत आहेत आणि त्यांच्याखाली आपोआप काय उगवले आहे, हे विचारावे.

सातवी पायरी: गाळ भरलेली शेते

पिसुर्ल्यासारख्या गावांत भातशेतीत खाणीची माती शिरली. खाणीच्या आराखड्यात या शेतांचा उल्लेखही नसतो, कारण ती पट्ट्याबाहेर असतात. शेतकऱ्यासाठी मात्र खरे नुकसान तिथेच असते.

घाईने नांगर घालू नये. नांगरल्यास गाळ खालच्या चांगल्या मातीत मिसळतो आणि वेगळा काढणे अशक्य होते. वायंगण (पावसाळ्यानंतरचे भात) पीक नसेल तर फेब्रुवारी ते मे या कोरड्या काळात शेतात पाच-सहा ठिकाणी फावड्याने उभा काप घ्यावा. लाल गाळ आणि खालची करडी किंवा काळी माती यांतील रेषा स्पष्ट दिसते. थर बोटभर असेल तर कुजलेल्या शेणखतासह तो मुरवता येतो. वीतभर असेल तर उपसण्याशिवाय इलाज नाही. उपसण्याआधी वरचा व्हाळ आणि बांध दुरुस्त झाले पाहिजेत, अन्यथा पहिल्याच पुरात सारी मेहनत पाण्यात जाते.

आम्लधर्मी, पाणी साचलेल्या जमिनीत लोह विरघळते आणि भाताच्या पानांवर तांबूस ठिपके पडून पाने तपकिरी होतात. हा रोग समजून औषध फवारण्याआधी माती तपासावी. चुना माती परीक्षणानुसारच द्यावा, पालाश कमी पडू देऊ नये, आणि मध्ये एकदा शेतातील पाणी काढून जमिनीला हवा लागू द्यावी. अशा शेतात ताजे हिरवळीचे खत लावणीच्या तोंडावर गाडू नये. ते कुजताना मातीतील प्राणवायू संपवते आणि लोहाचा त्रास वाढवते.

आठवी पायरी: खंदकाचे काय करायचे

खंदक पुन्हा भरणे हा पहिला पर्याय, आणि डंप जवळ असल्यास तो सर्वोत्तम. एकाच कामात दोन्ही प्रश्न सुटतात. ज्या भागात खनिज संपले आहे तिथे खाण चालू असतानाच भराव सुरू करावा, कारण खाण बंद झाल्यावर एवढी माती पुन्हा हलवण्याचा खर्च करायला कोणी पुढे येत नाही. औष्णिक वीजकेंद्राची राख भरावात वापरण्याचा प्रस्ताव आला तर भूजल तपासणीच्या विहिरी आधी खणून घ्याव्यात, राख नंतर.

भराव शक्य नसेल तर खंदकाचे तळे होते. तळे सुरक्षित व्हायचे तर काठाच्या पायऱ्या मंद उताराच्या हव्यात, एका बाजूला उथळ पट्टा हवा, भोवती कुंपण हवे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जादा पाणी जाण्यासाठी दगडी बांधणीचा सांडवा हवा. जांभ्याची कडा ओलांडून पाणी सुटले तर खालची वस्ती आणि शेते धोक्यात येतात. उलट बाजूही लक्षात घ्यावी: खाण चालू असताना उपसलेल्या पाण्यावर काही शेते उन्हाळ्यात भिजत होती, पंप बंद झाल्यावर ती कोरडी पडतात. त्यामुळे पंप कधी आणि किती चालवायचा हे गावाशी ठरवून लिहून घ्यावे. साखळीजवळील एका जुन्या लोहखाणीत खंदकात मत्स्यपालन आणि भोवती बांबू असा वापर झाला आहे. मासे सोडण्यापूर्वी वरच्या आणि खोल थरांतील प्राणवायू व मँगनीज दोन्ही ऋतूंत तपासून घ्यावे.

पैसा आणि शेवटची सही

२०१७ च्या खनिज संवर्धन व विकास नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर ‘अ’ वर्गातील (यांत्रिक किंवा मोठ्या) खाणींना वापरात आणलेल्या जमिनीच्या हेक्टरी पाच लाख आणि ‘ब’ वर्गातील (इतर) खाणींना तीन लाख रुपयांची आर्थिक हमी द्यावी लागते. लिलावातून मिळालेल्या पट्ट्यांसाठी कामगिरीची वेगळी हमी असते. कोळसा खाणींचा बंद करण्याचा निधी स्वतंत्र एस्क्रो खात्यात (अटी पूर्ण होईपर्यंत राखून ठेवलेल्या) जमा होतो. शेतातील गाळ, पिण्याचे पाणी आणि आरोग्य यांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या (खाणग्रस्त भागांसाठीच्या जिल्हा संस्थेच्या) निधीतून मागणी करता येते, आणि ती पहिल्या पायरीतील वहीच्या प्रतीसह करावी.

खाण कायमची बंद करण्याच्या दोन वर्षे आधी अंतिम आराखडा सादर करावा लागतो, आणि तो अमलात आल्याचे प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय पट्टा सोडता येत नाही. ग्रामसभेने आपले म्हणणे याच दोन वर्षांत लेखी नोंदवावे. त्यात किमान तीन पावसाळ्यांच्या बाटल्यांची छायाचित्रे, विहिरींच्या पातळीचे तक्ते आणि डंपच्या उताराची मोजणी जोडावी, आणि तिसऱ्या पावसाळ्यातही शेवटच्या तळ्याबाहेरचे पाणी लाल येत असेल तर हमीची रक्कम परत करण्यास हरकत घ्यावी.